नऊने भागला जाणारा फरक

पत्र

ताई, मी ३८ वर्षांची आहे. गेली १४ वर्षं हिशेब तपासण्याचं काम करते. कॉलेजात कथा लिहायचे, मग सुटलं. गेल्या वर्षी पुन्हा सुरुवात केली आणि आठवड्यातून एकदा जमणाऱ्या एका लेखनगटात जाऊ लागले. तिथे लक्षात आलं की माझ्यात ते नाहीच. बाकीच्यांना तिथल्या तिथे सुचतं, मी गप्प बसते. एक जण म्हणाले, "तुमचा डावा मेंदू फार चालतो." दुसऱ्या म्हणाल्या, "हे आतून यावं लागतं, ओढूनताणून होत नाही." आणखी एकांचं मत, की सुखी माणसाने या भानगडीत पडूच नये. एक कथा मी आठ महिने खरडते आहे. सहावी आवृत्ती सोबत जोडली आहे. त्यात परवा असं जाणवलं की तिचा साचा पूर्वी वाचलेल्या एका कथेसारखाच आहे. आता गोड न बोलता एवढंच सांगा: सर्जनशीलता माझ्यात आहे की नाही? नसेल तर वही बंद करते.

— कोरी वही

उत्तर

प्रिय कोरी वही,

एकच कथा सहा वेळा लिहून खाली 'कोरी वही' अशी सही करणाऱ्या तुम्ही मला भेटलेल्या पहिल्याच. आधी सही बदला, मग पुढचं वाचा.

गोड बोलू नका म्हणालात, तर कथेपासूनच सुरुवात करते. पहिली दोन पानं मला आवडली नाहीत. तिथे खिडकी आहे, पाऊस आहे, काचेवरून ओघळणारा एकुलता एक थेंब आहे आणि त्या थेंबाकडे बघत बसलेली नायिका आहे. यातलं काही तुम्ही पाहिलेलं नाही, सगळं वाचलेलं आहे. तिसऱ्या पानावर मात्र मी पेन्सिल खाली ठेवली. ऑफिस रिकामं झालंय, ताळा जुळत नाही, फरक १८० चा येतोय, आणि तुम्ही लिहिता: "तिने १८० ला नऊने भागलं. भाग गेला, तेव्हा तिला हायसं वाटलं. चूक पैशाची नव्हती, हाताची होती."

ज्यांनी कधी वह्या जुळवल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शेजारशेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले, म्हणजे ८,३१० चे ८,१३० झाले, की येणारा फरक नेहमी नऊने भागला जातो. म्हणून मुरलेला माणूस बेरीज पहिल्यापासून करत बसत नाही, आधी फरक नऊने भागून बघतो. भाग गेला म्हणजे चूक तीच असं दर वेळी नसतं, पण शोधायचं कुठे ते कळतं. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. आणि 'चूक पैशाची नव्हती, हाताची होती' या वाक्यात तुमची नायिका मला पहिल्यांदा दिसली: दिवसभर इतरांच्या अफरातफरीचा संशय बाळगण्याचा पगार घेणारी, आणि नुसती घाई सापडली की सुटकेचा श्वास सोडणारी बाई.

हे वाक्य तुमच्या गटातल्या कुणाला बसल्या बैठकीत सुचलं असतं का? ते जाऊ द्या, तुम्हाला तरी १४ वर्षांपूर्वी सुचलं असतं का?

आता त्या 'आतून यावं लागतं'कडे वळू. आतून येतं हे खरंच आहे. पण त्यासाठी आत आधी काहीतरी गेलेलं लागतं, आणि ते जाताना कुणी बघत नाही. पुढे गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा फक्त बाहेर पडण्याचा क्षण सांगितला जातो, कारण तो सांगायला सोपा असतो. आर्किमिडीज टबातून उठून 'युरेका' ओरडत पळाला ही गोष्ट बघा. त्याच्या उपलब्ध लिखाणात ती कुठेच नाही. ती लिहून ठेवली व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने, आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी.

मोत्सार्ट या संगीतकाराचं तर विचारूच नका. संपूर्ण रचना त्याला डोक्यात एकदम ऐकू यायची आणि मग ती फक्त उतरवून काढायची, असं सांगणारं त्याचं एक पत्र फार प्रसिद्ध आहे. ते छापून आलं १८१५ साली, तो गेल्यावर २४ वर्षांनी. छापलं रॉख्लिट्स नावाच्या एका संपादकाने, आणि अभ्यासक ते बनावट मानतात. मोत्सार्टने खरोखर लिहिलेलं एक पत्र मात्र १७८५ चं आहे. हायडन या संगीतकाराला सहा चतुष्टयं, म्हणजे चार वाद्यांसाठीच्या रचना, अर्पण करताना लिहिलेलं. त्यात तो त्या रचनांना दीर्घ आणि कष्टाच्या मेहनतीचं फळ म्हणतो. खोटं पत्र जगभर फिरलं आणि खरं अभ्यासकांपुरतं राहिलं. मला यात नवल वाटत नाही. खोट्या पत्राने सगळ्यांचीच सोय होते. ज्याला सुचतं तो देवाचा लाडका ठरतो, आणि ज्याला सुचत नाही त्याला हातपाय हलवायला नकोत.

यातली सगळ्यात प्रामाणिक हकिगत मला आँरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाची वाटते. ती त्याने स्वतःच १९०८ साली लिहिली. एका प्रकारची फलनं (गणितातली 'फंक्शन्स') अस्तित्वातच असू शकत नाहीत, हे सिद्ध करण्यासाठी तो पंधरा दिवस रोज टेबलाशी बसत होता. जुळणी करून बघायची, फसायची, उठायचं. एका रात्री काळी कॉफी प्यायल्यामुळे झोप लागेना आणि कल्पना डोक्यात एकमेकींवर आदळू लागल्या. सकाळपर्यंत त्याला उलटंच कळलं: अशा फलनांचा निदान एक वर्ग आहेच. पुढे तो एका भूगर्भशास्त्रीय सहलीला गेला, प्रवासाच्या गडबडीत गणित विसरला. घोड्याच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्या क्षणी पुढची मोठी गोष्ट लखकन समोर आली. तो जागेवर बसला, सुरू असलेलं बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं, आणि घरी परतल्यावर सवडीने सगळं पडताळून पाहिलं.

लोक त्या पायरीची गोष्ट सांगतात. पंधरा दिवस गाळतात, पडताळणीही गाळतात. खुद्द प्वांकारे मात्र बजावून सांगतो की आधी जाणीवपूर्वक केलेलं काम नसेल तर अशा झळाळीतून काही निष्पन्न होत नाही, आणि नंतरचं काम नसेल तर ती झळाळी वाया जाते. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ मध्ये याचेच चार टप्पे मांडले. मराठीत मी त्यांना तयारी, मुरणं, उजळणं आणि पडताळणी म्हणेन. तुम्हाला यात नवीन काही नाही. रात्री दहापर्यंत न सापडलेली चूक दुसऱ्या दिवशी दात घासताना सापडते, हा अनुभव हिशेबाच्या टेबलावरच्या कुणाला नसतो? पण त्या माणसाने आदल्या रात्री वह्या उघडल्याच नसत्या, तर महिनाभर दात घासूनही त्याला ती सापडली नसती.

मी स्वतः या वाट बघण्यात दोन वर्षं घालवली आहेत. जाड कागदाची सुरेख वही आणली, ती समोर ठेवली आणि पहिलं वाक्य तिच्या तोलाचं हवं म्हणून बसून राहिले. पहिलं वाक्य आलं नाही. शेवटी चिडून जुन्या छापील कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर भराभर काहीबाही लिहीत सुटले, आणि कथेची खरी सुरुवात मला सातव्या पानावर सापडली. आधीची सहा पानं कामाची नव्हती असं मी म्हणणार नाही. ती लिहिल्याशिवाय सातवं आलंच नसतं. वाचकाला ती दाखवायची नसतात, इतकंच. ती सुरेख वही अजून तशीच आहे. 'कोरी वही' ही सही खरं तर तिला शोभते.

डावा-उजवा मेंदू. हे लवकर आटपू. तीव्र अपस्मारावरचा उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पट्टा शस्त्रक्रियेने तोडला होता, अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी काम केलं. त्यासाठी त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं. काही कामं एका बाजूला जास्त होतात, जसं बहुतेकांच्या बाबतीत भाषा डावीकडे, हे त्यातून पक्कं झालं. पण त्यावरून 'हिशेबी माणूस डाव्या मेंदूचा, कलावंत उजव्या' ही जी वाटणी झाली ती लोकांनी परस्पर केली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. ज्याची संपूर्ण एक बाजू दुसरीपेक्षा जोरात चालते असा माणूस त्यांना आढळला नाही. शिवाय कल्पना करताना भटकणारं मन आणि लगाम धरणारं मन ही दोन्ही एकत्र कामाला लागतात, असंच अलीकडच्या अभ्यासांतून दिसतं. तेव्हा त्या गृहस्थांना सांगा की माझे दोन्ही चालतात, आणि तुमचेही चालत असावेत.

गटात गप्प बसण्याचं मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुम्ही त्याचाच सर्वांत मोठा पुरावा धरला आहे. चार जणांनी गोलात बसायचं, मनात येईल ते बोलायचं आणि कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत, ही 'ब्रेनस्टॉर्मिंग'ची रीत अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या जाहिरात व्यवसायातल्या माणसाने लोकप्रिय केली. त्याचं यावरचं गाजलेलं पुस्तक १९५३ चं. पाचच वर्षांनी, १९५८ मध्ये, येल विद्यापीठात ती रीत तपासून पाहिली गेली. एका बाजूला एकत्र बसलेले चार जण, दुसऱ्या बाजूला वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटे बसलेले चार जण. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र केल्या, त्यातल्या सारख्या कल्पना एकदाच मोजल्या, तरी एकेकटे बसलेलेच पुष्कळ पुढे निघाले. पुढे १९८७ मध्ये दोन संशोधकांनी कारण शोधलं, आणि ते अगदीच साधं निघालं: एका वेळी एकच जण बोलू शकतो. दुसरा बोलेपर्यंत तुम्ही तुमचं धरून ठेवता. तेवढ्यात ते निसटतं किंवा शिळं वाटू लागतं, आणि नवं सुचायला जागा उरत नाही.

म्हणजे तुमच्या गटात ज्याला तिथल्या तिथे सुचतं त्याला बोलायची घाई असते, हे नक्की. त्याला जास्त किंवा बरं सुचतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. (अशी माणसं मला आवडतात. त्यांच्यामुळे बैठका रंगतात. लिखाण वेगळं.)

गट सोडा असं मी म्हणत नाही, वेळ बदला. राजशेखर नावाच्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने अकराशे वर्षांपूर्वी कवीची चक्क दिनचर्या लिहून ठेवली आहे. दिवसाचा पहिला प्रहर अभ्यासाचा, दुसरा काव्य रचण्याचा, तिसरा रसिक मंडळींशी काव्यचर्चेचा. आणि चौथ्या प्रहरात सकाळी रचलेलं तपासायचं, एकट्याने किंवा मोजक्या माणसांबरोबर. का, तर रसाच्या आवेशात लिहिताना पारखणारी नजर जागी नसते. लिहिणं आणि चारचौघांत बसणं यांना त्याने वेगवेगळे प्रहर दिले. तुमचा गट दोन्ही एकाच तासात उरकायला बघतो.

हाच राजशेखर तुमच्या साच्याच्या दुःखावरही उपयोगी पडेल. चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला व्यापारी नाही, असं तो बेधडक सांगतो. ज्याला लपवता येतं तो निंदेशिवाय सुखात राहतो. उचलेगिरीचे प्रकार पाडून त्यातली क्षम्य कोणती, अक्षम्य कोणती याची छाननीही तो करतो. संपूर्ण नवं, कुठूनच न आलेलं असं काही असतं हा समज त्याला नव्हताच. तो आपल्याला कुठून चिकटला कोण जाणे. डार्विनने १८३८ मध्ये माल्थस या अर्थशास्त्रज्ञाचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला आणि नैसर्गिक निवडीची कल्पना त्याच्या हाती लागली. वीस वर्षांनी, दूर बेटांवर तापाने पडलेल्या वॉलेसला तोच माल्थस आठवला आणि तीच कल्पना त्याला सुचली. (वर आलेला वॉलस वेगळा, हा आल्फ्रेड रसेल वॉलेस.) १८५८ साली लंडनमध्ये दोघांची टिपणं एकाच सभेत वाचली गेली. माल्थस तर पुष्कळांनी वाचला होता. पण या दोघांनी वर्षानुवर्षं बीटल गोळा केले होते, पक्षी पाहिले होते, जवळजवळच्या बेटांवर वेगवेगळे प्राणी का, हा प्रश्न उराशी बाळगला होता. बाहेरून आलेला विचार त्या साठ्यावर पडला, म्हणून पेटला.

तुमच्या कथेचा साचा उसना आहे, हे मला मान्य आहे. शेवट तर सरळसरळ उसना आहे. नायिका राजीनामा टेबलावर ठेवते आणि पावसात चालू लागते, हे तुमच्या बाईने केलेलं नाही, तुम्ही वाचलेल्या बाईने केलेलं आहे. जिला १८० नऊने भागल्यावर हायसं वाटतं ती राजीनामा देईल असं मला वाटत नाही. ती तो उलटा आकडा शोधून दुरुस्त करील, तिथे बारीक सही करील आणि दिवा बंद करील. किंवा नाही करणार, तुम्हाला जास्त माहीत. पण साचा उसना म्हणून आतली बाई उसनी होत नाही. साचा मोडा, बाई ठेवा.

सुखी माणसाने लिहू नये, या मतावर माझ्याकडे फार शब्द नाहीत. यात हमखास व्हॅन गॉग या दुःखी, आजारी चित्रकाराचं नाव घेतलं जातं. त्याने दहा वर्षांत दोन हजारांहून जास्त चित्रं आणि रेखाटनं केली, आणि आजार बळावल्यावर त्याचं बहुतेक काम झटक्यांच्या मधल्या शांत काळात झालं. आजाराने त्याचे दिवस खाल्ले. ज्यांनी तुम्हाला हे ऐकवलं ते स्वतः झोप, जेवण, औषध वेळेवर घेत असतील अशी मला दाट शंका आहे.

उरला तुमचा मूळ प्रश्न: आहे की नाही. प्रत्येक माणूस कलावंत असतो वगैरे मी म्हणणार नाही. माणसामाणसांत फरक असतो, काहींचा कान जन्मतःच तिखट असतो, आणि हे नाकारणं म्हणजे पुन्हा गोड बोलणंच झालं. पण मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात काव्याचं कारण सांगताना तीन गोष्टी घेतल्या: शक्ती, म्हणजे ती उपजत देणगी, निपुणता, म्हणजे जग, शास्त्रं आणि काव्यं डोळसपणे पाहून आलेली जाण, आणि जाणकारांकडून शिकून केलेला अभ्यास. गंमत अशी की तीन गोष्टी सांगून त्याने 'हेतु', म्हणजे कारण, हा शब्द एकवचनी ठेवला. तिन्ही मिळून एक कारण. तुमच्या भाषेत, ही तीन वेगळी खाती नव्हेत. एकच संयुक्त खातं आहे आणि त्यातली कुठली रक्कम कुणी भरली हे बाहेरून सांगता येत नाही. मग मी काय सांगू? सहा आवृत्त्यांनंतर तुमच्याकडे एक पक्कं पान आहे, एवढं मला दिसतं. हे प्रमाण वाईट नाही. माझं सातात एक होतं.

आता काय करायचं. पहिली दोन पानं काढून बाजूला ठेवा, पण फाडू नका. जुन्या आवृत्त्या फेकून दिल्या की आपलं लिखाण आपल्यालाच जादूने झाल्यासारखं वाटायला लागतं, आणि पुढच्या वेळी जादू झाली नाही की माणूस तुमच्यासारखं पत्र लिहितो. कथा तिसऱ्या पानापासून सुरू करा. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास बसा. सुचलं नाही तरी उठू नका, निदान मागचं वाचा. शेवट एकच लिहू नका, पाच लिहा. पहिले दोन ओळखीचे निघतील कारण ते सगळ्यात वर ठेवलेले असतात, तिसऱ्याला कंटाळा येईल, चौथ्या-पाचव्याला तुम्हाला तुमच्या १४ वर्षांकडे वळावंच लागेल. पाचही वाईट निघाले तर आठवडाभर तिकडे फिरकू नका, मग पुन्हा बसा. गटात कच्चं काही वाचू नका. पुरी झालेली गोष्ट न्या, आणि ऐकणाऱ्यांना 'कशी वाटली' असं न विचारता 'कुठे लक्ष उडालं' एवढंच विचारा.

आणि एक किरकोळ दुरुस्ती. नायिका त्या रात्री घरी किती वाजता पोचते? पान दोनवर तुम्ही ११:४० लिहिलं आहे आणि पान पाचवर ११:०४. फरक ३६ मिनिटांचा येतो. कुठे बघायचं ते तुम्हाला मी सांगायला नको.

— तुमची ताई